ऑटोवर टाकलेली मोटार

निमगाव साव्यात विहिरीवरची मोटार कोणी बंद करून घरी येत नाही. वीज कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, मग तिथं ताटकळत कोण बसणार? बटण ऑटोवर टाकायचं आणि खुशाल घरी यायचं. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते.

इथलाच दादाभाऊ सहा वर्षं पुण्यातल्या एका स्टेडियमवर फुटबॉलच्या मैदानाचं गवत सांभाळत होता. सध्या तिथं बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती. पुतणीच्या साखरपुड्यासाठी त्यानं एका दिवसाची सुट्टी काढली आणि तो पहाटेच्या एसटीनं गावी आला.

दुपारी जेवताना वीज आली. विहिरीवरची मोटार घुर्र करून सुरू झाली आणि दादाभाऊचा घास हातातच राहिला.

"काय झालं ओ?" बायकोनं, आरतीनं विचारलं.

"मेलो," दादाभाऊ म्हणाला. "पहाटं निघताना गोलपुढं पाणी सोडलं व्हतं. तेवढ्यात लाइट गेली, एसटी चुकंल म्हणून मी पळालो. तिथली मोटार ऑटोवर टाकून आलोय. पाण्याचा वॉल बी उघडाच हाये."

साडेतीनला मॅच होती. वीज आली असेल, तर गोलपुढं आत्तापर्यंत भाताचं खाचर झालं असणार. परदेशातनं आलेल्या पोरी त्यात घसरणार, नाहीतर मॅचच रद्द होणार. त्याची नोकरी तर गेलीच.

नऊ वाजता कामावर येणाऱ्या जोडीदाराला, शेजारच्या राजुरी गावच्या जानकूला, त्यानं अकरा वेळा फोन लावला. मॅचच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा करून घेतात. तिकडं नुसती रिंग वाजत राहिली.

साडेतीनला त्यानं मोबाइलवर मॅच लावली. पुतणीच्या बोटात अंगठी घालत होते आणि हा काका मांडवाच्या कोपऱ्यात गवत बघत उभा. एका पोरीनं धावत येऊन गोलवर चेंडू मारला. गोलकीपर आडवी झेपावली, चेंडू कवटाळून उठली. तिच्या पांढऱ्या चड्डीला चिखलाचा डाग नव्हता. दादाभाऊनं मोबाइल खिशात घातला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुतणीमुळं आले असं सगळ्यांना वाटलं ते बरंच झालं.

संध्याकाळी जानकूचा फोन आला.

"भाऊ, अकरा मिसकॉल? मोटारीचंच ना? नवाला आलो तवा लाइट नव्हती. आधी जाऊन बटण बंद केलं, मंग वॉल. दहाला लाइट आली."

"तुला कसं कळलं रं?"

"आपल्याकडचा माणूस गडबडीत निघाला की मोटार ऑटोवरच टाकणार, राव. मी बी टाकली व्हती की, गेल्या वर्साला. गोलपुढं तळं साचलं, तवा पाइप फुटलाय म्हणून मीच सांगितलं व्हतं."

त्या फुटलेल्या पाइपसाठी दादाभाऊनं दोन दिवस खणलं होतं, कंबर धरली होती आणि पाइप सापडला नाही म्हणून साहेबाच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. त्याला आता हसू आवरेना.

"जानक्या," तो म्हणाला, "उद्या येताना तुला पुरणपोळ्या आणतो. आन ते खणल्यालं मी तुला माफ केलं."