गालुहची करंगळी

वुर्यानीला कुणी एकानेच काय ते ठणकावून सांगितलं असतं, तर तिने ऐकलं असतं. पण सांगणारे ढीगभर आणि प्रत्येकाचं निराळं. आठ वर्षांखालच्या पोरांना पोलिओचे थेंब द्यायचा आठवडा सुरू झाला आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. पाच वर्षांच्या गालुहला आकडीचा आजार. गोळ्या सुरू झाल्यापासून अकरा महिने आकडी आली नव्हती. आता वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी टाकलं होतं की थेंबांनी ताप चढतो. तापात पोरीचे डोळे फिरताना वुर्यानीने पाहिले होते. मेंदूचे डॉक्टर म्हणाले होते, "एकही लस चुकवू नका," आणि त्याच दमात, "ताप येऊ देऊ नका." यातलं नेमकं कुठलं ऐकायचं?

तिचा नवरा मागच्याच आठवड्यात मतदान केंद्रावर कामाला होता. मत दिल्यावर बोट बुडवतात त्या जांभळ्या शाईची उरलेली बाटली त्याने घरी आणली होती. कशाला, ते त्यालाच ठाऊक. थेंब दिलेल्या पोरांच्या डाव्या करंगळीलाही तसलीच खूण करतात. मंगळवारी आरोग्याचं काम बघणाऱ्या, सगळे जिला मानाने 'बू' म्हणत त्या पुजियातीचा आवाज गल्लीत ऐकू आला आणि वुर्यानीने गालुहची करंगळी सरळ बाटलीत बुडवली.

"काल दवाखान्यातच देऊन आले, बू."

पुजियातीने बोट उचलून पाहिलं. "अगंबाई! आम्ही नखावर पेनाने रेघ ओढतो. हिने तर मतदानच केलंय. कुणाला गं दिलंस मत?"

"मांजराला!" गालुह म्हणाली.

"दवाखान्यातल्या पोरींना कशाची काटकसर म्हणून नाही," असं पुटपुटत पुजियातीने वहीत खूण केली. वुर्यानीला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! दुपारी शेजारची दार्मी आली. तिच्या सात वर्षांच्या तेगारच्या काळजाला भोक. थेंबांच्या धास्तीने तिने त्याला दोन दिवस बहिणीकडे दडवून ठेवला होता.

"म्बाक, ताई, खरंच दिलेस? आणि ताप?"

"नाही आला," वुर्यानी म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

"मग मीही देते. तू दिलेस म्हटल्यावर मला आता भीती नाही." आणि बहिणीकडून पोराला ओढून आणत तिने त्याच दुपारी थेंब दिलेसुद्धा.

पुढचे तीन दिवस कधी सोयाबीनचं तळलेलं तेंपे दे, कधी केळी दे, असं काहीबाही निमित्त काढून वुर्यानी तेगारच्या कपाळाला हात लावून यायची. ताप नव्हता. हायसं वाटायचं. मग मनात यायचं, ताप आला असता तर आपलं बरोबर ठरलं असतं. असलं काही आपल्या मनात येतं तरी कसं, म्हणून तिला स्वतःचीच किळस यायची.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, ती गालुहला घेऊन पुजियातीच्या टेबलाशी उभी राहिली. दार्मी तिथेच, तेगारला शेजारी बसवून, पोरांना मुगाची खीर वाढत होती.

"हिचं झालंय की," पुजियाती म्हणाली. "बोट बघ ना."

घासूनही शाई गेली नव्हती. गप्प घरी गेलं तर कुणाला कळणार नव्हतं. तेगार बरा आहे, कबूल, पण काळीज वेगळं आणि मेंदू वेगळा. थेंब द्यावेत की नाही, हे वुर्यानीला अजूनही धड उमगत नव्हतं. पण न दिलेले थेंब दिले म्हणून मिरवणं आता तिला सोसत नव्हतं.

"ती शाई मतदानाची आहे, बू. मीच लावली. थेंब दिलेच नाहीत."

दार्मीच्या हातातला डाव थांबला. पुजियातीने नवी कुपी फोडली. गालुहने खिरीच्या आशेने आपणहून आ केला. दोन थेंब पडले.

"दार्मी," वुर्यानीने हाक मारली.

"तू माझ्या तेगारकडे बघून आलीस," दार्मी हळूच म्हणाली. "मी कुणाकडे बघून दिले गं?"

तिने डाव पातेल्यात ठेवला, तेगारचा हात धरला आणि ती निघून गेली.