मुद्देमालातली चादर

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. रंग मूळचा गर्द जांभळा, काठाला पिवळ्या पट्ट्या. आता अर्धा रंग धुण्यात गेला आहे आणि उरलेल्यावर डाग आहेत. मित्रांनो, हे सगळे तुम्हांला सांगावे की नाही याचा मी फार विचार केला. मला नीट सांगता येईलच असेही नाही. पण माझ्याइतके जवळून ते कुणीच पाहिले नाही, म्हणून प्रयत्न करते.

माझा जन्म मारातच झाला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये. यंत्रमागावर प्रत्येक धागा आत आला की फणी त्याच्यावर आदळते आणि त्याला आधीच्या धाग्याला चिकटवून टाकते. त्या आवाजात माणसांना ओरडून बोलावे लागते. माझा विणकर तेलुगू बोलायचा. माग अडला की तो शेजारच्याला म्हणायचा, “कोट्टु!” म्हणजे, हाण. शेजारचा हातोडी हाणायचा आणि माग पुन्हा सुरू व्हायचा. मी ऐकलेला पहिला शब्द बहुधा तोच असावा.

पुढे मला अक्कलकोट तालुक्यातल्या गौरम्मा नावाच्या बाईने विकत घेतले. तिच्या घरी कानडी बोलत. ओढ्यावर नेऊन ती मला दगडावर आपटायची, धोपटण्याने बडवायची, मग उन्हात घालायची. त्या माराचा मला कधी राग आला नाही. रात्री तिचा मुलगा बिरुदेव माझ्यात गुरफटून झोपायचा. शेजारीण चादर उसनी मागायला आली की गौरम्मा त्याला हसून म्हणायची, “कोट्टुबिडु.” कानडीत त्याचा अर्थ, देऊन टाक. एकाच शहराच्या अवतीभवती एकच शब्द असा दोन बाजूंना तोंड करून उभा आहे, याची मला तेव्हा गंमत वाटायची.

बिरुदेव शिकायला सोलापुरात आला तेव्हा गौरम्माने मला त्याच्या पिशवीत घातले. पोलीस भरती हा त्याचा ध्यास होता. पहाटे उठून मला बाजूला सारायचा आणि पळायला जायचा. परत आला की माझ्याच टोकाने घाम पुसायचा. छाती, उंची, धाव, सगळे जमत होते. “नजर तर ससाण्याची हाय,” असे त्याचा गावचा मित्र सिद्धनाथ म्हणायचा.

त्या हिवाळ्यात एका विद्यापीठाच्या मैदानावर विद्यार्थ्यांनी मदतीचा उत्सव भरवला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पांघरुणे गोळा करायची होती. गाणी होती, खाण्याचे गाळे होते, आणि आत जाताना प्रत्येकाने एक उबदार वस्तू द्यायची असा नियम होता. बिरुदेव अशा ठिकाणी प्रथमच निघाला होता. त्याच्याकडे उबदार असे काही असेल तर ती मीच. मला खांद्यावर टाकून तो रांगेत उभा राहिला. मागे सिद्धनाथ होता.

टेबलाशी भवानी पेठेतला श्रीनिवास बसला होता. स्वयंसेवकाची फीत दंडावर, घसा संध्याकाळपासून ओरडून बसलेला. घरी त्याची तेलुगू. त्याने माझे टोक धरले. बिरुदेवने दुसरे सोडले नाही.

“सोड की बे.”

“जरा थांब की. आईची हाय.”

“मग आईलाच नेऊन दे. मागं रांग बघ. चादर द्यायला आलास का मिरवायला?”

मागची मुले हसली. बिरुदेवचे कान तापले ते मला जाणवले. सिद्धनाथला त्याची घालमेल कळली असावी. तो मागून मोठ्याने म्हणाला, “कोट्टुबिडो बिर्‍या, कोट्टुबिडो!”

बिरुदेवने मला खांद्यावरून काढायला हात वर उचलला.

श्रीनिवासने फक्त पहिला अर्धा शब्द ऐकला, त्याच्या तेलुगूतला ‘कोट्टु’, आणि वर येणारा हात पाहिला. मित्रांनो, मला दोन्ही भाषा येत होत्या. पण तोंड नव्हते.

श्रीनिवासने मला हिसकले आणि बिरुदेवच्या डोक्यावर टाकले. टेबलामागे मंडपाचा एक बांबू पडला होता, तो उचलून त्याने हाणला. पहिला फटका माझ्यावर बसला. मी जाड आहे, पण इतकी जाड नाही. माझ्याखाली काहीतरी कडकन मोडले. श्रीनिवासचे दोघे मित्र धावून आले आणि खाली पडलेल्याला लाथा घालू लागले. सिद्धनाथने खुर्ची उचलून एकाच्या तोंडावर मारली. त्याचे दात मातीत पडले. आणखी बांबू उपटले गेले. कोण कुणाला का मारतो आहे हे निम्म्यांना ठाऊक नव्हते, तरी ते मारत होते. आत बिरुदेव हातांनी मला चाचपत होता, बाहेरची वाट शोधत. दरवेळी कुणाचा तरी पाय त्या हातावर पडे. मग ओल माझ्यात शिरू लागली, गरम आणि चिकट.

शेजारच्या गाळ्यावरची सुकन्या अक्कलकोटची होती. तिने गाणाऱ्याच्या हातातला माईक ओढला. “अरे, तो ‘दे’ म्हणत होता रे. कानडीत ‘देऊन टाक’ म्हणत होता.”

बांबू थांबला. पण शेवटचा फटका खाली आला होता.

मला चार टोकांनी धरून त्यांनी बिरुदेवला रिक्षापर्यंत नेले. एक टोक श्रीनिवासच्या मुठीत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गौरम्माला सांगितले, डावा डोळा वाचला नाही. तिने भरतीचे विचारले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मग तिने मला छातीशी धरले आणि तोंडात माझा काठ कोंबून ती रडली. मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

दुपारी हवालदार जबाब घ्यायला आले. बिरुदेव उरलेल्या डोळ्याने त्यांच्या खाकी वर्दीकडे बराच वेळ पाहत राहिला.

“कुणी मारलं, बाळ?”

“डोक्यावर चादर होती साहेब. काय दिसलं न्हाय.”

“सगळे म्हणतात गर्दी होती. कुणाचं नाव घेत नाहीत.”

दारात श्रीनिवास उभा होता. कधीपासून, ते मला माहीत नाही. तो म्हणाला, “पहिला बांबू माझा होता, साहेब. शेवटचाबी.”

गौरम्मा उठली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तो मागे सरला नाही. ती दमेपर्यंत हवालदारही मध्ये पडले नाहीत.

बिरुदेव भिंतीकडे तोंड करून बोलला, “इचारायचं की रं. काय म्हनला, म्हून इचारायचं की.”



हवालदारांनी मला घडी घालून कापडात बांधले आणि लाखेचे सील केले. तेव्हापासून मी ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. खाली फरशी, वर कुणाची तरी सायकल. ज्या मुलांसाठी मी निघाले होते ती अजून उघड्यावर झोपत असतील, असे थंडीत मनात येते.

मित्रांनो, उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. एवढेच मागते. न कळलेला शब्द कानावर पडला, तर हात उचलण्याआधी त्याचा अर्थ विचारा. आणि मी इथून सुटले, तर मला कुणाच्या तरी गारठलेल्या पायांवर घाला. डोक्यावर मात्र टाकू नका.