बीन बॅगमधले तीन

"या विश्वात कुठलीही गोष्ट नाहीशी होत नाही!" दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून, एक हात वर करून सरांनी जाहीर केलं.

वाक्य वजनदार होतं. पण सरांच्या तोंडात एकही दात नसल्यामुळे ऐकणाऱ्यांपर्यंत त्यातला फक्त वारा पोचला. आणि नाहीसे झाले होते ते नेमके दातच. वरची कवळीही आणि खालचीही. (सरांचं यापुढचं बोलणंही असंच फुसफुसत झालं. वाचकांच्या सोयीसाठी ते इथे दातांसकट दिलं आहे.)

संध्याकाळी ज्येष्ठ मंडळात सरांचं व्याख्यान होतं. विषय, 'क्वार्क आहेत कशावरून?' जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, पण तिथे मुलं हजेरीसाठी यायची आणि झोपून जायची. आपण होऊन लोक ऐकायला येणार, हे सरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यामुळे आठवडाभर ते आरशासमोर उभे राहून 'प्रोटॉन, प्रोटॉन' करत होते. आता त्या प्रोटॉनचा 'फोफॉन' होणार, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला होता.

व्याख्यानाचे अध्यक्ष म्हणजे त्यांचे व्याही, लेकीचे सासरे, निवृत्त न्यायाधीश. ते सरांना न्यायला म्हणून लवकरच येऊन, काठी गुडघ्यांत धरून बसले होते. एके काळी दोघांचं मेतकूट होतं. पण गेल्या वर्षी ऐन रंगात आलेल्या डावातून न्यायाधीशांचा काळा वजीर पटावरून गुप्त झाला. "पडला असेल कुठे तरी," असं सर म्हणाले आणि न्यायाधीश काठी उचलून घरी निघून गेले. तेव्हापासून बुद्धिबळाचा पट कपाटावर धूळ खात होता.

"व्याहीबुवा, मला काही तुमचा तो क्वार्क पटलेला नाही," न्यायाधीश म्हणाले. "कुणी पाहिलेला नाही, एकटा कधी सापडत नाही, म्हणे कायम प्रोटॉनच्या आतच असतो. असा आरोपी कुणी माझ्या कोर्टात उभा केला असता, तर मी वकिलालाच आत टाकलं असतं. समारोपात मी हे बोलणार. आधीच सांगून ठेवतो."

"आधी दात तरी सापडू देत!"

"सापडतील कसे?" सरांची बायको आतून आली. "काढून कुठे ठेवलेत ते आठवा की!"

सरांना आठवलं. सकाळी बायको बीन बॅगमध्ये थर्माकोलचे नवे दाणे भरत होती. कवळ्या टोचत होत्या म्हणून सरांनी त्या काढून शेजारी ठेवल्या होत्या. शेजारी म्हणजे, आता विचार केल्यावर, उघड्या झिपेच्या काठावर. मग झिप लागली.

"यात आहेत," सर बीन बॅगकडे बोट दाखवून म्हणाले. "उघड."

"मुळीच नाही! गेल्या वर्षी उघडली, तेव्हाचे दाणे अजून साखरेच्या डब्यात निघतायत. आत दात आहेत हे आधी सिद्ध करा, मग उघडते."

"विहीणबाईंची मागणी रास्त आहे," न्यायाधीशांनी निकाल दिला. "पंखा जरा वाढवता का?"

सरांचा चेहरा एकदम उजळला. न उघडता आतलं ओळखायचं! हेच तर आजचं व्याख्यान! त्यांनी नातीचा रबरी चेंडू शोधला, चष्मा सारखा केला आणि बीन बॅगवर नेम धरला.

फस्स. चेंडू रुतला आणि मुकाट्याने खाली पडला. पुन्हा फस्स. पुन्हा फस्स.

"वा! फारच पटलं," न्यायाधीश म्हणाले.

टक्क! चेंडू जो उलटला तो थेट न्यायाधीशांच्या नाकावर.

"कोर्टाचा अवमान!"

"अवमान नाही, पुरावा!" सर नाचायचेच बाकी होते. "आत सगळं मऊ असतं तर चेंडू असा फिरला असता का? प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारले, तेव्हा हेच झालं. वाटलं होतं, आत सगळा लगदा असेल. पण काही इलेक्ट्रॉन असे सणसणीत वळले, की आत बारीक, टणक काहीतरी आहे हे मानावंच लागलं!"

मग त्यांना चेवच चढला. गुडघे दुखतात हे विसरून ते बीन बॅगभोवती फिरू लागले. जिथे टक्क वाजेल, तिथे कपडे वाळत घालायचा चिमटा. शेवटी तीन चिमटे लागले.

"तीन!" सर ओरडले. "प्रोटॉनमध्येही तीनच क्वार्क!"

"तीन?" बायको म्हणाली. "कवळ्या तर दोनच. तिसरं काय?"

सरांचा हात चिमट्यावरच थांबला. मनाच्या तळाशी काहीतरी टोचलं, अगदी खालच्या कवळीसारखं.

"राहू दे," ते घाईघाईने म्हणाले. "सिद्ध झालं ना? मग उघडायचं कशाला? मी असाच बोलेन. क्वार्कसुद्धा कुणी बाहेर काढत नाही."

"आता तर उघडायचीच." न्यायाधीश काठी टाकून उठले. आरोपी जामीन नको म्हणाला, की काय समजायचं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्यांनी बीन बॅगचं एक टोक धरलं. सरांनी दुसरं कवटाळलं.

"सोडा, व्याहीबुवा!"

"ओढू नका, जजसाहेब! जितकं लांब ओढाल, तितकं ते..."

टर्रर्र. शिवण उसवली आणि पांढऱ्या दाण्यांचा फवारा थेट पंख्यापर्यंत गेला. पुढचं काम पंख्याने केलं.

"जेट!" स्वतःवर काय ओढवलंय हे विसरून सर आनंदाने किंचाळले. "क्वार्क ओढून काढायला जावं, तर क्वार्क निघत नाही, नव्या कणांचा फवारा निघतो! हुबेहूब असाच! वा!"

बायकोने पंखा बंद केला. पांढऱ्या मिशा आणखी पांढऱ्या झालेले न्यायाधीश शांतपणे खाली बघत होते. फरशीवर वरची कवळी होती. खालची कवळी होती. आणि दोघींच्या मधे, सुरक्षित, काळा वजीर.

सरांनी कवळ्या उचलल्या, धुतल्या आणि गरजेपेक्षा जास्त वेळ घेऊन बसवल्या.

"पुरावा मान्य," न्यायाधीश वजीर रुमालाने पुसत म्हणाले. "न उघडता तीन म्हणालात, तीनच निघाले. क्वार्क आहेत, असं मी समारोपात सांगेन. आणि गेल्या वर्षी माझा वजीर कुणी लपवला, तेही हा वजीर वर धरून सांगेन."

"सगळ्यांसमोर?"

"पुरावा चारचौघांतच मांडायचा असतो, सर. तुमच्या विज्ञानातही आणि आमच्या कोर्टातही. नंतर डाव तिथूनच पुढे. हरत होतात तुम्ही."

सरांनी मान खाली घातली. मग हळूहळू वर केली. अब्रू जायची ती जाईल, पण दात होते, प्रमाण होतं, आणि अध्यक्षांना पटलं होतं. त्यांनी कोट झटकला, एक हात वर केला आणि खणखणीत, प्रत्येक अक्षर सुटं असलेल्या आवाजात म्हणाले, "या विश्वात कुठलीही गोष्ट नाहीशी होत नाही!"

न्यायाधीशांनी गंभीरपणे मान डोलावली.

"अहो," केरसुणी घेऊन आलेली बायको म्हणाली, "पाय उचला जरा."