नेहमी यातच उघडा

"सर, फाइलवर डबल-क्लिक केलं की ती कशात उघडायची, हे संगणकाला कोण सांगतं?"

प्रश्न विचारून ती उभीच राहिली. शेवटच्या बाकावर तिच्या दोघी मैत्रिणी, वेणीवाली आणि चष्मिष, तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. संगणकाचे सर कुठल्याही प्रश्नाला "पुस्तकात बघ" म्हणत, तर पुस्तकात नसलेला प्रश्न विचारून दाखवायचा. जमलं नाही तर आठवडाभर तिघींची दप्तरं हिने वाहायची, जमलं तर हिचं त्या दोघींनी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिला 'मुकी' म्हणायचे. यंदा तिला असा काही कंठ फुटला होता, की नाव बदलून 'भोंगा' झालं होतं. आता भोंग्याने पैज नाकारायची म्हणजे शोभलं नसतं.

सरांनी खडू खाली ठेवला, चष्मा पुसला. "हे पुस्तकात नाही," ते म्हणाले. मागे वेणीवालीने कपाळाला हात लावला.

"फाइलच्या नावात टिंबानंतर दोन-तीन अक्षरं असतात ना, ते तिचं शेपूट समज," सर म्हणाले. "संगणक शेपूट बघतो आणि ठरलेल्या प्रोग्रॅमकडे तिला धाडून देतो. ते कुणीतरी एकदा ठरवून दिलेलं असतं. बहुतेक वेळा प्रोग्रॅम बसवणाऱ्याने."

"मग आपण बदललं तर?"

"बदल की. राइट क्लिक करायचं, 'यात उघडा' म्हणायचं, हवा तो प्रोग्रॅम निवडायचा. खाली एक चौकोन असतो, 'नेहमी यातच उघडा'. त्यात खूण करताना मात्र जरा विचार कर. संगणक शब्दाला फार पक्का असतो."

तिने मान डोलावली, पण मन केव्हाच बाबांच्या कार्यशाळेत पोचलं होतं.

बाबा सुतार. कपाटं, टेबलं, पुस्तकांचे रॅक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी संगणकावर चालणारं कापायचं यंत्र आणलं होतं. खाली टेबल, वर सरकणारा हात, हाताच्या टोकाला गरगर फिरणारा कटर. फाइल दिली की आपलं आपण कापतं. पहिलं बटण बाबांनी तिच्याकडून दाबून घेतलं होतं, त्यामुळे ते यंत्र अर्धं आपलंच आहे असं तिचं ठाम मत होतं.

यंत्रात खोड एकच. प्रत्येक फळीच्या डाव्या कोपऱ्यातून आत, अर्ध्या वितीएवढा एक बारीक ओरखडा उठायचा. यंत्र बसवणारा दोनदा येऊन स्क्रू आवळून, चहा पिऊन गेला. ओरखडा जागच्या जागी. फळ्यांना पॉलिश करायचं काम आईचं, त्यामुळे प्रत्येक कोपरा ती आधी घासून काढायची. पण आता वाचनालयाच्या रॅकचं काम आलं होतं आणि त्याच्या फळ्यांवर चकचकीत थर होता. तो घासला की थरच जातो. तीन फळ्या वाया गेल्यावर बाबा म्हणाले, पुरे झालं, यंत्र विकून टाकू. रविवारी एक दरवाजेवाला ते बघायला येणार होता. ती दोन दिवस धड जेवली नव्हती.

त्याच दिवशी, शुक्रवारी, शाळेतून ती थेट कार्यशाळेत गेली. बाबा लाकूड बघायला बाहेर गेले होते. तिथल्या संगणकावर तिने स्वतःचे निबंध लिहायला एक टेक्स्ट एडिटर घालून ठेवला होता, ओळींना आकडे देणारा, शब्दांना रंग देणारा. तिने यंत्राच्या एका फाइलवर राइट क्लिक केलं, एडिटर निवडला आणि, आज आपल्याला सगळं जमतंय या तोऱ्यात, 'नेहमी यातच उघडा'वर खूण करून टाकली.

एरवी तिथे रॅकचं चित्र यायचं. आता ओळींमागून ओळी आल्या. अक्षर, आकडा, अक्षर, आकडा. यंत्राशी असं बोलतात तर. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी ती बराच वेळ बघत बसली.

"ठमे, दिवा बंद कर आणि चल," पॉलिशच्या बाजूने आईची हाक आली. तिने दिवा बंद केला. खूण तशीच राहिली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. पैज हरलेली वेणीवाली दोन दप्तरं लादून कार्यशाळेच्या फाटकापर्यंत आली, हिचं दप्तर हिच्या गळ्यात घालून, तोंड वाकडं करून गेली. आत बाबा संगणकासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"गेला," ते म्हणाले.

"कोण?"

"संगणक. यंत्र विकायला काढलं म्हणून रुसलाय बहुतेक. कुठलीही फाइल उघडा, नुसते आकडे ओकतोय. उद्या त्या दरवाजेवाल्याला यंत्र चालवून काय दाखवू, माझं कपाळ?"

भोंग्याची एका क्षणात परत मुकी झाली. बाबा पाणी प्यायला उठले असते तर अर्ध्या मिनिटात सगळं जिथल्या तिथे करता आलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. बाबा उठले नाहीत. पण उठले असते तरी आपण सांगितलंच असतं, असं तिने स्वतःला बजावलं.

"बाबा, तो रुसला नाहीये. मी केलंय ते."

बाबांना ओरडायची सवय नव्हती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. हे ओरडण्यापेक्षा वाईट असायचं.

"सकाळपासून तीनदा बंद-चालू केला मी तो."

"लगेच नीट करते. बिघडलं काहीच नाही, फाइल फक्त दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतेय." तिने माउस हातात घेतला.

"थांब." बाबा पुढे वाकले. "हे लिहिलंय काय पण?"

"यंत्राला दिलेले हुकूम असावेत. एक्सपुढे आकडा, वायपुढे आकडा."

"एक्स म्हणजे आडवं, वाय उभं आणि झेड वर-खाली. ते यंत्राच्या बटणांवर लिहिलेलं असतं, तेवढं मला येतं." त्यांनी वाया गेलेली एक फळी ओढली आणि तिच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "सुरुवातीला कटर मी इथे टेकवतो. मध्ये कागदाचा कपटाही सरकू नये इतका. हे झालं शून्य. वाच आता."

"पहिल्या दोन ओळींत काहीतरी खुणा आहेत. तिसरी, एक्स ऐंशी, वाय साठ."

बाबांचं बोट फळीवरून तिरकं सरकू लागलं. ऐंशी मिलिमीटर आडवं, साठ उभं. सरकता सरकता ते थांबलं. ते बरोब्बर ओरखड्यावरून चाललं होतं.

"झेड कुठे आहे?"

"चौथ्या ओळीत. झेड दहा."

"म्हणजे आधी सरकतंय आणि मग वर उचलतंय," बाबा हळूच म्हणाले. "पाय न उचलता चालतंय येडं."

तिने दुसरी फाइल उघडली. तेच. तिसरी. तेच.

"सगळ्यांत कसं काय?"

"यंत्र बसवणाऱ्याने पहिली फाइल करून दिली होती. मी दर वेळी तिचीच नक्कल काढतो आणि पुढचं चित्र बदलतो. चित्रात कापायचं तेवढंच दिसतं ना." बाबांनी डोकं खाजवलं. "ती चौथी ओळ तिसरीच्या वर घे बघू. आधी फाइलची एक प्रत काढून ठेव मात्र."

तिने प्रत काढली, ओळ वर घेतली. फाइल यंत्राला दिली. बाबांनी एक टाकाऊ फळी लावली आणि बटण दाबायला तिला पुढे केलं. यंत्राचा हात आधी वर उचलला गेला, झोपलेल्या माणसाला ओलांडावं तसा पुढे गेला, आणि मग खाली उतरून कापू लागला.

आवाज ऐकून आई हात पुसत आली. तिने फळी उचलली आणि न बघताच कोपऱ्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"आज ओरखडा कुठाय?"

"नाहीचे," बाबा म्हणाले.

आई स्टुलावर बसली. "दोन वर्षं घासतेय मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या स्क्रूवाल्याला बोलवा. चहा देते आणि एक फळी घासायला देते."

बाबा हसले, पण लगेच गंभीर झाले. "अशा फाइली किती आहेत?"

"एकशे बारा. मोजल्या मी."

"त्यात आणखी कुठे काय चुकलंय देव जाणे, प्रत्येक ओळ वाचायला हवी, आणि मला वाचायला बसवलंस तर दिवसाला एक होईल. तू सुट्टीत मावशीकडे चाललीस. आणि वाचनालयाचं काम तर तोंडावर आलंय." त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "दरवाजेवाल्याला येऊ दे उद्या. त्याचं त्याला बघू दे."

ती संगणकाकडे वळली. फाइली परत चित्रांत उघडायला लावणारी ती खिडकी तिने उघडली, क्षणभर बघितली आणि काही न बदलता बंद केली. मग खुर्ची फिरवून दोघांकडे तोंड केलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी मावशीकडे जाणार नाही, तिला मीच फोन करून सांगते. सुट्टीत मी इथे बसणार. रोज दहा फाइली, त्यात वाचनालयाच्या सगळ्यांत आधी. त्या संपेपर्यंत प्रत्येक फाइल आधी एडिटरमध्येच उघडेल, वाचल्याशिवाय यंत्राकडे जाणार नाही. खूण मी काढलेली नाहीये. आणि दरवाजेवाल्याला यायचंच असेल तर खुशाल येऊ दे, पण यंत्र विकायचं नाही."