ओंजळीतून आरपार गेलेला अंगारा

गुरुवारी टेकाडावरच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. कोरेगावकडून टेम्पो भरभरून माणसं आलेली, रहिमतपूरच्या बायका सकाळपासून रांगेत, आणि जो तो मोबाईल वर धरून उभा. देवाच्या मूर्तीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. व्यासपीठावर रेशमी कफनीतले अंगारेबाबा गालाला माईक लावून बोलत होते.

"उघड्या डोळ्याला अंगारा दिसायचा न्हाई, भक्तहो! डोळा पापी हाय. नको ते बघून बाटलाय. पर मोबाईलनं कवा पाप केलंय का? न्हाई! म्हणून मोबाईलला दिसतो!"

माणसं "व्हय व्हय" म्हणून माना डोलवत होती. लोकांचे मोबाईल दिवसभर काय काय बघतात, हे बाबांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

पद्धत अशी होती. आजारी माणसानं पाटावर उभं राहून ओंजळ पुढं धरायची. बाबांचा पुतण्या ऋषिराज त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मागच्या खोलीत जायचा. मग आरती, मग भजन, मग प्रसाद, कारण म्हणे कृपा उतरायला वेळ लागतो. प्रसाद संपत आला की तो व्हिडिओ माणसाच्या मोबाईलवर यायचा, आणि त्यात मोकळ्या आभाळातून राखाडी अंगारा धो धो पडत असायचा. डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून जमिनीवर. बघणाऱ्या बायका हमसून हमसून रडायच्या.

माझा धाकटा भाऊ जयराज मला हे दाखवायलाच घेऊन आला होता. फौजेतून हवालदार म्हणून परत आलेला माणूस, बर्फात उभा राहिलेला, आणि इथं लहान पोरासारखा डोळे पुसत होता.

"बघ आक्का, मागच्या गुरुवारी शिवूवर कसा पडलाय! आन ह्ये बघ, ओंजळीतनं आरपार गेला. बाबा म्हणले, अंगारा आरपार गेला म्हंजे रोगबी आरपार गेला."

मी बघितलं, आणि परत एकदा लावून बघितलं. मी सांगलीत राहते. कम्प्युटरवर खोटं पाणी, खोटा धूर, खोटी वाळू खरी वाटेल अशी कशी पाडायची, त्याचे मराठीतून व्हिडिओ धडे करते. एकेक कण कुठं आपटेल, कुठून घसरेल, हे गणित कम्प्युटर करतो. त्याच्याकडून ते कसं करून घ्यायचं, एवढंच मी शिकवते. एका धड्यात मी परातीत ज्वारीचं पीठ ओतलं होतं आणि त्याची फाईल शिकणाऱ्यांसाठी खुली ठेवली होती. शिवूवर पडत होतं ते माझंच पीठ. रंग तेवढा बदलला होता.

"शिवू कुठाय?" मी माझ्या भाचीबद्दल विचारलं.

"घरी. जरा मरगळलीय."

"आन इंजेक्शन?"

"बंद केलं की! रविवारपास्नं."

जयराजच्या हातातली गाडीची किल्ली हिसकावली आणि धावत सुटले. तो माझ्या मागं ओरडत आला आणि गाडीवर मागं बसला.

शिवू, म्हणजे शिवांजली, अकरा वर्षांची आहे. तिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही. आपल्याला जेवण लागतं तसं तिला इंजेक्शन लागतं, रोज, जन्मभर. ते थांबलं की रक्तात विष साठायला लागतं.

घरी रेश्मा, माझी भावजय, पोरीच्या उशाशी बसली होती. "वन्सं, सकाळधरनं ओकतीया. आन श्वास बघा की कसा घेतीया!" शिवूचा श्वास खोल आणि भराभर चालला होता, तोंडाला कुजक्या फळासारखा वास येत होता. हाक मारली तर डोळे अर्धेच उघडायचे. मी फ्रिज उघडला. इन्शुलिनचा कप्पा रिकामा होता.

"मठाच्या हौदात सोडली सगळी, ह्यांनी," रेश्मा म्हणाली आणि तोंडावर पदर धरला.

मी १०८ ला फोन केला. जयराज दारात येऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून.

"अँब्युलन्स येऊ दे. परत लावतो. सुई टोचली की कृपा संपली, बाबा म्हणलेत."

"जया, पोर मरंल रं!"

"दोन वर्सं टोचतोय आक्का! दोन वर्सं! सुई दिसली की पळायची ती, मी धरायचो, ती किंचाळायची. बरी झाली का? न्हाई! डाक्टर म्हणतो, जन्मभर टोचा. मग बाबांनी सांगितलं बरी हुईल, तर का नको ऐकू?"

मी शिव्या दिल्या, रडले, त्याच्या पाया पडले. थोरली बहीण धाकट्याच्या पाया पडते, ही काय पाळी आली होती! तो हलला नाही. पोरीला हिसकावून न्यावं तर माझ्या अंगात तेवढी ताकद नव्हती.

"अंगारा खोटा हाय," मी म्हणाले. "माझ्या कम्प्युटरवर होतो तसला."

"तुझं खेळणं आन देवाची कृपा एकच हाय व्हय?"

"उभा ऱ्हा अंगणात. धर ओंजळ. तुझ्यावर पाडून दावते."

त्यानं चौकटीवरचे हात काढले. मग म्हणाला, "पाड. न्हाई पडला तर अँब्युलन्स माघारी, आन तूबी माघारी सांगलीला."

मी त्याचा व्हिडिओ काढला आणि ओट्यावर सांगलीहून आणलेला लॅपटॉप उघडून बसले. पिठाच्या धड्याची फाईल तयारच होती. कण आपटावेत म्हणून जयराजच्या डोक्याच्या जागी एक न दिसणारा गोळा बसवला, खांद्यांच्या जागी दोन ठोकळे, ऋषिराजनं केलं असेल अगदी तसं. पिठाला राखेचा रंग दिला आणि गणित सुरू केलं. किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. आत शिवूचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यात इतक्या रेघा सरकताना बघितल्या, चहा पीत बघितल्या, जांभया देत बघितल्या. त्या दिवशी मी त्या रेघेला हात जोडले, आणि मी देवालासुद्धा फारसे हात जोडत नाही.

रेघ संपली. व्हिडिओ लावला. अंगणात ओंजळ धरून उभ्या असलेल्या जयराजच्या डोक्यावर अंगारा धो धो पडत होता आणि ओंजळीतून आरपार जात होता.

जयराजचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, सुटलो! तर हा म्हणतो, "तू मठात जाऊन आलीस न्हवं आज? तुझ्यासंगं बाबांचीच कृपा आली आसंल."

कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं. रेश्मा आतून ओरडली, "वन्सं, डोळं उघडंना झाली वं!"

मी जयराजला दंडाला धरून लॅपटॉपपुढं बसवलं आणि माऊस त्याच्याच हातात दिला. "ऐक. मी कम्प्युटरला तुझं डोकं सांगितलं, खांदे सांगितले. हात सांगितलेच न्हाईत. त्याच्या लेखी तुला हातच न्हाईत, म्हणून अंगारा आरपार जातोय. आता तू सांग त्याला. ह्यो ठोकळा उचल, तुझ्या तळहाताखाली ठेव. व्हय, आसा. दुसरा घे. आता दाब."

त्यानं दाबलं. परत रेघ. लांबून सायरन ऐकू यायला लागला. तो एकदा रस्त्याकडं बघायचा, एकदा रेघेकडं.

या खेपेला अंगारा ओंजळीत साचला. भरला आणि दोन्ही बाजूंनी सांडायला लागला. जयराजनं पडदा बघितला, मग स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले. हात स्वच्छ होते.

"ह्ये मी केलं?"

"तूच केलंस."

"मग शिवूच्या हातातनं..."

"ऋषिराजनं आळस केला. तिचे हात बसवलेच न्हाईत त्यानं. रोगबिग काय गेला न्हाई, जया."

तो उठला. अँब्युलन्स दारात लागायच्या आत त्यानं पोरीला उचललं होतं. "चल शिवे, चल माझी बाय," असं काहीतरी बडबडत तो अनवाणीच धावला.

साताऱ्याला पोचेपर्यंत शिवू हाकेला हूंसुद्धा देईना झाली होती. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर आम्ही तिघं बसून होतो. डॉक्टर बाई बाहेर आल्या की जयराज ताडकन उभा राहायचा, सॅल्यूट करायचाच बाकी. त्या "अजून सांगता येत नाही" म्हणायच्या आणि तो परत बसायचा. शनिवारी सकाळी तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं आणि बापाला म्हणाली, "पप्पा, तुमी दाढी का केली न्हाई?" तेव्हा तो जो रडला, ते वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं.

पुढच्या गुरुवारी तो मठात गेला. मीही गेले. त्यानं दोन्ही व्हिडिओ लोकांपुढं धरले. बाबा माईकवरून गरजले, "बहिणीनं करणी केली ह्याच्यावर! कम्प्युटरची करणी!" लोक चवताळून अंगावर आले, जयराजचा सदरा फाटला. शिकलेली, नोकरी केलेली माणसं होती त्यात. मला रडू फुटलं. एवढं सगळं दाखवून हेच फळ मिळायचं का!

"मारा!" जयराज ओरडला. "मलाबी पटलं न्हवतं, माझी पोर मराय टेकली तवा पटलं. ते व्हिडिओ ऱ्हाऊ द्या तिकडं. तुमच्या डोक्यावर अंगारा पडला न्हवं? मग केस झटका की! हात लावून बघा! जे हाताला लागत न्हाई, त्याच्यापायी औषध सोडू नका रं!"

गर्दीनं त्याला ढकलत फाटकाबाहेर काढलं. प्रसादाच्या रांगेच्या शेवटी एक बाई सात-आठ वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. पोराची मान एका बाजूला कललेली. नुकताच त्याचा व्हिडिओ तिच्या मोबाईलवर आला होता. तिनं तो परत एकदा बघितला. मग पोराच्या केसांतून हात फिरवला आणि तळवा डोळ्यांजवळ धरून बघितला. नुसतं तेल होतं.

ती आमच्या मागं फाटकापर्यंत आली.

"आवं दादा," तिनं हळूच विचारलं, "ह्याच्या फिटच्या गोळ्या बंद केल्यात मी. सरकारी दवाखाना आज किती वाजस्तवर उघडा आसतो?"