वळणावरचे दगड

वणीकडून नाशिकला येताना उतारावरच्या वळणापुढे महेशच्या ट्रकचा मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला आणि टोमॅटोच्या कॅरेटांसकट ट्रक भर रस्त्यात एका अंगावर कलला. माल मालनबाईचा होता आणि महेश तिच्या नणंदेचा मुलगा. ट्रक थांबताच ती केबिनमधून उतरली आणि रस्ता सोडून पार बांधावर जाऊन उभी राहिली. महेश मात्र मोबाईल कानाला लावून रस्त्याच्या मधोमध फिरत होता, जसा काही रस्ता त्याच्या बापानेच बांधला होता.

मागच्या गाड्यांना कळावं म्हणून लाल त्रिकोण ठेव, असं तिने बांधावरूनच सांगितलं. त्रिकोण होता, पण केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे, कोऱ्या प्लॅस्टिकमध्ये. आरटीओत पासिंगला साहेबाला दाखवायचा आणि परत तिथेच ठेवायचा. बाहेर काढला तर कोणीतरी उचलून नेईल, हे महेशचं शहाणपण. मग त्याने सगळे करतात तेच केलं. ओढ्यातून दगड आणून वळणापर्यंत मांडले, एक धोंडा चाकाला लावला, वर बाभळीची फांदी टाकली. केवढे उपकार केले, असा त्याचा चेहरा झाला होता. ते दगड बघून मालनबाईच्या तोंडाला कडू चव आली.

गेल्याच्या गेल्या साली सिन्नरच्या रस्त्यावर असाच एक दगड पडला होता. कुणाचा तरी ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला आणि दगड मागे राहिला. मालनबाईच्या नवऱ्याची, लहानूची मोटरसायकल त्यावरून उडाली आणि त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून लहानू ओट्यावर बसून दगड टाकून गेलेल्या त्या ड्रायव्हरची येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चौकशी करतो आणि बाजार हिच्या गळ्यात. दवाखान्यात तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज याच महेशचा होता. तो ड्रायव्हर सापडला तर सोलून काढीन, म्हणत होता.

मेकॅनिक आला, पाटा बसला, ऊन कललं. ट्रक थोडा पुढे घेऊन महेश हॉर्न वाजवू लागला. दगड जागच्या जागी. आधी ते उचल, असं मालनबाई म्हणाली, तर तो हसला. सगळेच टाकून जातात, बाजारातला लिलाव गाठायचा का हमाली करायची, असं वर विचारलं.

"तुझ्या मामाचा पाय कशानं गेला रे?"

महेशने खिडकीतून मान बाहेर काढली. "खरं सांगू का मामी? मामाच बघून चालवत नव्हता. गाडीत बस आता, उशीर व्हतोय."

याच पोराला मालनबाईने तेव्हा जवळ घेऊन रडू दिलं होतं, त्याचीही आता किळस वाटली. लिलाव गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणत ती बांधावरून खाली आली. आधी वळणावर कानोसा घेतला, मग फांदी ओढली, दगड एकेक करून कडेला ढकलले. चाकाचा धोंडा तेवढा तिला हलेना. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. ती कडेनेच वळणाकडे पळाली आणि पदर हलवत राहिली. गाडी हळू होत होत धोंड्याच्या अलीकडे, कडेला थांबली. आतल्या पोरांनी धोंडा पाहिला, बाईला पाहिलं आणि सवयीने मोबाईल बाहेर काढले.

मोबाईल दिसताच महेशने केबिनमधून उडी मारली. धावत येऊन धोंडा उचलला, छातीशी धरला आणि पोरांकडे बघून हसला.

"आपण रस्त्यात कधीच दगड सोडत नाय, दादा. लोकांचा जीव जातो."

मालनबाईला वाटलं, इथेच थुंकावं. पण ती धापा टाकत पोरांजवळ गेली.

"याचा चेहरा नीट घ्या रे," ती म्हणाली. "घरी माझ्या नवऱ्याला दाखवायचा हाय. पाय गेला तवापासून तो या ड्रायव्हरला शोधतोय."