बार्शीटाकळीतला तमिळ रगडा

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यातल्या दगडाकडे सहसा कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. तुम्ही थांबलात, म्हणून बोलतो. मी एक जुना रगडा आहे. मधे खोल खळगा असलेला, इडली-डोशाचं पीठ वाटायचा, काळा, जड दगड. सध्या माझा मुक्काम बार्शीटाकळीला, मनकर्णाबाईंच्या अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाखाली आहे. पण मी इथला नाही.

माझा जन्म कुंभकोणमजवळच्या एका खेड्यातला. एका म्हाताऱ्या पाथरवटाने मला घडवलं. टाकीचे घाव घालताना तो सारखा काहीतरी पुटपुटत असे. ती तमिळ होती. मी ऐकलेली पहिली भाषा तीच. खळगा तयार झाल्यावर त्याने त्यात नीट बसेल असा लांबट वरवंटा घडवला आणि आम्हा दोघांना एका घरी पोचतं केलं. त्या घरच्या मुलीचं, वेदवल्लीचं, लग्न ठरलं होतं. नवरा दूरच्या वऱ्हाडातला होता. तिथे इडलीचं पीठ कशावर वाटशील, या काळजीने तिच्या आईने मला तिच्याबरोबर आगगाडीत चढवलं.

अकोल्याच्या स्टेशनवर हमालाने मला उचलायला पाहिलं आणि हात झटकले. "बाप्पा! पोरीसंग पहाड काहून देऊन राहिले?" तो म्हणाला. वेदवल्लीला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. पण तो हसत होता, म्हणून तीही हसली.

तिचा नवरा सारंगपाणी. त्याला सगळे सारंग सर म्हणत. घराणं तमिळच, पण वडील इकडे रेल्वेत होते, त्यामुळे तो अकोल्यातच लहानाचा मोठा झाला. मित्रांत मराठी, शाळेत मराठी. घरची तमिळ कानावर पडायची, पण जिभेवर कधी नीट बसलीच नाही. त्याचा जीव होता तो संस्कृतवर. अमरावतीला शिकून तो बार्शीटाकळीच्या शाळेत संस्कृतचा शिक्षक झाला.

शेजारी मनकर्णाबाई राहत. घरामागे त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, शेवंती पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा रोजचा उद्योग. पहिल्याच आठवड्यात त्या हिरव्या मिरच्या घेऊन आल्या आणि माझ्यावर ठेचा वाटू लागल्या. वेदवल्ली धावत आली. तिखट दगडात मुरलं तर इडली तिखट होईल, हे तिला सांगायचं होतं, पण शब्द कुठून आणायचे? तिने जीभ बाहेर काढून, डोळे पुसून, हातवारे करून दाखवलं. मनकर्णाबाई हसून हसून खाली बसल्या. त्या दिवसापासून दोघींची शाळा सुरू झाली. वेदवल्लीची वल्लीबाई झाली. ती मराठी शिकली ती मनकर्णाबाईंकडून, त्यामुळे 'मले', 'तुले', 'काहून' असंच बोलू लागली. शुद्ध बोलणारे सारंग सर कपाळाला हात लावत.

सकाळी ती पीठ वाटायची आणि सर कॉफीचा पेला घेऊन समोरच्या पायरीवर बसायचे. मग दोघांची गोड भांडणं व्हायची.

"तुझ्या तमिळमधलं पुत्तगम् आमच्या पुस्तकावरून आलं," सर म्हणायचे. "वरुषम् आमच्या वर्षावरून. संतोषम् तर जसंच्या तसं उचललंय."

"अन् तुमचं नीर?" ती हात न थांबवता विचारायची. "आमी पाण्याले तण्णीर म्हणतो. मीन बी आमचाच."

एकदा सर आत जाऊन पुस्तकं चाळून आले. "खरं आहे," ते म्हणाले. "बरेच विद्वान मानतात की हे शब्द संस्कृतने दक्षिणेकडून घेतले."

"घेतले न? मंग. अन् हे आमच्या-तुमच्या काय लावून राहिले? तुमी कुठले हो?"

 सर हसले आणि त्यांनी आणखी एक डोसा मागितला.

मग रागिणीचा जन्म झाला. इथे मात्र भांडणाचा गोडवा संपला. पोरीच्या कानावर तीन-तीन भाषा पडल्या तर ती गोंधळेल, असं सरांनी मनाशी पक्कं केलं. घरात मराठी बोलायची, संध्याकाळी संस्कृत स्तोत्रं म्हणायची, तमिळ नंतर शिकेल. त्यात दुष्टावा नव्हता. पोरीचं भलं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. वल्लीबाईंनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी पीठ फार वेळ वाटलं. ते गरजेपेक्षा कितीतरी बारीक झालं, तरी वरवंटा फिरतच होता.

त्यानंतर घरात तमिळ ऐकू येईनाशी झाली. फक्त माझ्यापाशी यायची. सर शाळेत आणि रागिणी बालवाडीत गेली की वल्लीबाई माझ्यासमोर बसून तमिळमध्ये बोलत. आईच्या अंगणातल्या नारळाविषयी बोलत. भावाच्या लग्नाला जाता आलं नाही, त्याविषयी बोलत. मी दगड. मी ऐकत राहिलो.

एकदा मनकर्णाबाई भाजी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काहून वो वल्लीबाई, दगडासंग काय बोलून राहिल्या?"

"दुसरं कोणी नाही न इथं, आमच्या भाषेत बोलाले."

मनकर्णाबाईंनी टोपली खाली ठेवली आणि फतकल मारून बसल्या. "मले बोला," त्या म्हणाल्या. "समजो न समजो, हूं तर म्हणीन."

आणि खरोखर, मित्रांनो, त्या रोज येऊन हूं म्हणू लागल्या. हळूहळू त्यांना कळूही लागलं.

रागिणी तिसरी-चौथीत असताना तिची आजी, वल्लीबाईंची आई, कुंभकोणमहून राहायला आली. तिकडे आजीला पाट्टी म्हणतात. पाट्टी थकली होती. नातीला डोळे भरून पाहावं म्हणून इतक्या लांब आली होती. तिने रागिणीला जवळ ओढून काहीतरी विचारलं. रागिणीने आईकडे पाहिलं. पाट्टीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, जणू पोरीला ऐकू कमी येतंय. रागिणी रडवेली होऊन आत पळाली.  पाट्टी नुसती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वल्लीबाईंनी त्या वेळी खाली घातलेली मान मला अजून दिसते.

काही दिवस असेच गेले. आजी आणि नात एकमेकींकडे बघून हसत आणि बाजूला होत.

मग एका संध्याकाळी वल्लीबाई वाटायला बसल्या होत्या आणि पाट्टी भिंतीला टेकून डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. पाट्टी शाळेत गेली नव्हती, संस्कृत शिकली नव्हती. पण तिच्या घरात पिढ्यानपिढ्या ते स्तोत्र म्हटलं जाई. ती 'भ'चा 'ब' करी, 'ख'चा 'क' करी, पण एकही ओळ चुकत नव्हती. अंगणात खेळणारी रागिणी थांबली. ही ओळ तिला येत होती! अप्पा, म्हणजे सर, रोज संध्याकाळी म्हणून घेत तीच. तिने पुढची ओळ म्हटली. पाट्टीने डोळे उघडले. तिने त्यानंतरची म्हटली, रागिणीने तिच्यानंतरची. अशा दोघी शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या. वल्लीबाईंचा हात थांबला होता. पीठ तसंच राहिलं.

स्तोत्र संपल्यावर पाट्टीने नातीला मांडीवर घेतलं आणि त्यातलाच एकेक शब्द पुन्हा म्हणू लागली. 'नेत्र' म्हणायची, रागिणीच्या डोळ्यावर बोट ठेवायची आणि सांगायची, 'कण्'. 'हस्त' म्हणायची, हात धरायची, 'कै'. संस्कृतच्या दाराने पोर तमिळच्या घरात शिरली, असंच म्हणा ना.

सर फाटकापाशी उभे होते. शाळेतून कधी आले, कुणाला कळलं नव्हतं. ते चप्पल काढून माझ्याजवळ बसले आणि मोडक्या तमिळमध्ये सासूबाईंना काहीतरी म्हणाले. ते ऐकून पाट्टी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"काय म्हणाले वो सर?" कुंपणापलीकडून मनकर्णाबाईंनी विचारलं.

"मलेही शिकवा म्हणतात," वल्लीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण म्हणताना बोलले, मले शिजवा."

पाट्टी पावसाळ्यापर्यंत राहिली. ती जाईपर्यंत रागिणी तिच्याशी भांडण्याइतकी तमिळ शिकली होती. सरांनी लिपीसुद्धा गिरवली, लहान मुलासारखी, पाटीवर. त्यांच्या बोलण्यातलं 'आमचं-तुमचं' गेलं. शिकवणीला अंगणात येणाऱ्या मुलांना ते सांगत, "तमिळ आणि संस्कृत या मायलेकी नाहीत. दोघींची कुळं वेगळी. त्या शेजारणी आहेत, हजारो वर्षांच्या. एकीकडून वाटी भरून गेली, दुसरीने ती रिकामी परत पाठवली नाही. तमिळ मुलखात संस्कृत लिहायला वेगळी लिपी घडवली, दोन्ही भाषा एका ओळीत मिसळून ग्रंथ लिहिले." बोलताना त्यांची नजर कुंपणाकडे जाई. तिथे मनकर्णाबाई आणि वल्लीबाई वाट्यांची अदलाबदल करत उभ्या असत.

ते दिवस मला फार आठवतात. पुढे मिक्सर आला. त्याचा राग नाही, वल्लीबाईंचे खांदे दुखायचे. पाट्टी तिकडे कुंभकोणमला वारली. रागिणी नोकरीसाठी पुण्याला गेली. सर आजारी पडले आणि गेले. लेकीने आईला पुण्याला नेलं. तिथल्या चौथ्या मजल्यावर माझं काय काम? जाताना वल्लीबाईंनी माझ्या काठावरून हात फिरवला. 

घर विकलं गेलं. नव्या मालकाने ते पाडायला घेतलं. मजुराने मला पायव्याच्या खड्ड्यात ढकलायला पहार लावली. तेवढ्यात मनकर्णाबाई काठी टेकत आल्या.

"त्या दगडाले हात लावजो नको!" त्या ओरडल्या. "शुभम, ये इकडं. उचल याले."

त्यांचा नातू शुभम तगडा गडी, पण त्यालाही तीन मित्र बोलवावे लागले. "आजी, काय करतं याचं?" तो घाम पुसत म्हणाला. आजीने काठीने कढीपत्त्याखालची जागा दाखवली. असा मी वरवंट्यासकट या अंगणात आलो. पानं पडत राहिली, शेवाळ चढलं, वर्षं गेली.

आणि परवा शुभमच्या मुलीचं बारसं झालं. बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालायची रीत. पण घरात वरवंटा होता कुठे? पाटा केव्हाच गेलेला. शुभमची बायको प्रतीक्षा गोंधळली. मनकर्णाबाईंनी काठीने माझ्याकडे बोट दाखवलं. बायकांनी माझ्या सोबत्याला धुतलं, हळदकुंकू लावलं, टोपडं घातलं आणि पाळण्याखालून या हातातून त्या हातात फिरवून आत ठेवलं.

बारशाला पुण्याहून वल्लीबाई आल्या होत्या, रागिणीचा हात धरून. टोपड्यातला वरवंटा पाहून त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या.

"आमच्याकडं याले कुळवी म्हणतात," त्या म्हणाल्या. "अन् कुळवी म्हंजे तान्हं लेकरू."

"अम्मा, हे मला कधी सांगितलं नाहीस," रागिणी म्हणाली.

मग खरं बाळ पाळण्यात ठेवलं. ते रडू लागलं. मनकर्णाबाई वाकल्या आणि म्हणाल्या, "अळादे कण्णा, अळादे." रडू नको गं सोनुले, रडू नको.

शुभम बघतच राहिला. "आजी, हे कोणती भाषा?"

"शेजारची हाय," मनकर्णाबाई पाळणा हलवत म्हणाल्या. "आता आपलीच."

मित्रांनो, मला पुन्हा वाटायला घ्या, असं माझं म्हणणं नाही. दगड वापरल्याने झिजतो, कोपऱ्यात तो शंभर वर्षं टिकेल. भाषा मात्र न वापरल्याने झिजते. म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात आजी ज्या बोलीत हाक मारते, त्याच बोलीत तिला ओ द्या. आणि शेजारी वेगळी बोली असेल, तर जवळ बसून निदान हूं तरी म्हणा.